थोरलीचे डोळे, धाकटीचे डोळे

धाकट्या जावेला पाण्यात पाहायला थोरलीला कधी कारण लागलं नाही. धाकटीनं दोरीवर टाकलेली चादर आपल्या चादरीपेक्षा सरळ दिसली तरी हिच्या पोटात दुखायचं. सासू धाकटीच्या हातचा चहा मागून घ्यायची आणि हिनं पुढं केलेल्या कपाला ‘ठेव तिथं’ म्हणायची, तेवढ्यावर हिची अख्खी सकाळ करपायची. तरी घरातलं सगळं ती गिळत आली होती. एका छपराखाली दोन भावांच्या दोन बायका नांदायच्या म्हणजे गिळावं लागतंच.

गुलाबाच्या नर्सरीतलं मात्र गिळता येईना.

थोरलीचं काम डोळे भरायचं. जंगली गुलाबाच्या खुंटावर चाकूनं बारीक चीर द्यायची, सालीची दोन पानं हलकेच उचलायची, चांगल्या जातीच्या काडीवरून काढलेला कोवळा डोळा आत सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळायची. तीनेक आठवड्यांनी पट्टी सोडली की डोळा हिरवा असला तर लागला, काळा पडला तर मेला. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की कळतं, साल उचलताना बोट जरा जड पडलं तरी खेळ खलास. थोरलीचं बोट जड पडत नसे. नर्सरीत ती सगळ्यांत जुनी, आणि जुनी म्हणून दाराजवळचं टेबल तिचं. तिथं उजेड भरपूर, वारा मोकळा, आणि कोण आलं कोण गेलं हे मान न वळवता दिसायचं. ज्या वर्षी मालकीणबाईंनी जुनं फळ्यांचं दार काढून गाड्या सरळ आत याव्यात म्हणून मोठं सरकतं दार बसवलं, त्या वर्षी तर थोरलीची ऐट बघण्यासारखी होती. जणू दार तिच्यासाठीच मोठं केलं होतं.

त्याच वर्षी धाकटी लग्न होऊन घरात आली, आणि थोरलीनंच तिला नर्सरीत आणली. चाकू कसा धरायचा, चीर किती खोल, पट्टी खालून वर कशी न्यायची, शेवटची गाठ कशी दडवायची, सगळं तिनंच शिकवलं. हातावर फटके देऊन शिकवलं.

आणि आता त्याच धाकटीचे डोळे जास्त लागत होते.

“हिचा हात बघा,” मालकीणबाई सगळ्यांसमोर म्हणायच्या. “डोळा भरते की अंगाई गाते!”

बाकीच्या बायका हसायच्या. धाकटी मान खाली घालायची, पण ती कानापर्यंत लाल झालेली थोरलीला बरोबर दिसायची. लाज कसली, खुशालली होती मेली!

एवढ्यात मालकीणबाईंनी पलीकडच्या बाजूला नवी शेड उभारली. तिथं डोळे भरणाऱ्या नव्या बायकांवर एक मुख्य बाई नेमायची ठरली. ती जागा आपलीच, असं थोरली धरूनच चालली होती. ‘उद्यापासून तुमचा डबा तिकडंच’ असं नवऱ्याला सांगूनही मोकळी झाली होती. नवरा पंप दुरुस्तीच्या कामाला जायचा, वाटेत नवी शेड लागायची, म्हणजे डबा तिथंच द्यायचा. आणि एका सकाळी मालकीणबाई सहज बोलून गेल्या, “मी धाकटीचा विचार करतेय. मागच्या खेपेला दोघींनी चाळीस-चाळीस भरले. तुझे अकरा मेले, तिचे तीन.”

थोरलीच्या तोंडात मारल्यासारखं झालं.

“नशीब असतं बाई एकेकाचं,” ती कशीबशी म्हणाली. “एखादी खेप बसते, एखादी नाही. त्यावरून माणसाचा हात ठरवता?”

“नशीब की हात, हे बघता येतं की,” मागून कुणीतरी बोललं.

ही मालकीणबाईंची भाची. शहरात आकड्यांचा अभ्यास करायची आणि सुट्टीला मावशीकडं आलेली. पायात मोठाले बूट, केस कसेही बांधलेले, आणि दिवसभर बायकांना ‘हे काय, ते का’ विचारून भंडावून सोडायची. थोरलीनं तिला आतापर्यंत खिजगणतीत धरलं नव्हतं.

“कसं बघतेस गं पोरी? माझा हात हातात घेऊन?”

“बादली आणा,” भाची म्हणाली.

रोपांना बांधायचे पांढरे टॅग तिनं ऐंशी मोजले. त्यांतल्या चौदांवर काळी रेघ ओढली. दोघींची मिळून तेवढीच रोपं मेली होती. सगळे टॅग बादलीत टाकले आणि ती ओट्यावर मांडी घालून बसली. बायका भोवती गोळा झाल्या. काम टाकून बादलीत डोकावायला कुणाला नको असतं?

“आपण आधी असं धरून चालायचं,” ती म्हणाली, “की तुम्हा दोघींच्या हातात काडीचा फरक नाही.”

“मग झालं की!” थोरली म्हणाली. “थांब तिथंच. शिकलेलं माणूस पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोललं.”

हशा पिकला. भाचीही हसली. “अहो, नुसतं धरून चालायचं. मग बघायचं, ते धरणं कितपत टिकतं. फरक नाही म्हटलं, तर ही चौदा रोपं कुणाच्याही हाताखाली मरणारच होती. कुणाच्या वाट्याला किती आली, हा नुसता वाटपाचा खेळ. मग वाटून बघू. डोळे मिटून चाळीस टॅग काढा. ते तुमचे. उरलेले त्यांचे.”

थोरलीनं बाही सारली आणि बादलीत हात घातला. काळे निघाले सात. उरलेले सात धाकटीचे. पुन्हा ढवळलं, पुन्हा काढलं. सहा आणि आठ. मग नऊ आणि पाच. मग आठ आणि सहा. बायकांना चेव आला, जी ती हात घालायला पुढं. पण अकरा आणि तीन काही केल्या येईना. थोरली प्रत्येक खेपेला काळे मोजताना श्वास धरायची. आयुष्यात पहिल्यांदाच तिला आपल्या पदरात जास्त मेलेली रोपं हवी होती.

“हातानं किती वेळ करणार,” भाचीनं मांडीवर लॅपटॉप उघडला. “हेच वाटप हा हजारो वेळा करून दाखवील.” बोटं चालली. मग तिनं जरा सांभाळून थोरलीकडं पाहिलं. “इतका मोठा फरक, या बाजूला किंवा त्या बाजूला, नुसत्या नशिबानं शंभरातून चारेक वेळा पडतो.”

“म्हणजे पडतो!”

“पडतो. पण क्वचित. म्हणून ‘फरक नाही’ हे आपलं धरून चालणं आता सोडावं लागेल.”

धाकटीनं नुसतं चाकूचं पातं पदरानं पुसलं. त्या पुसण्यातच थोरलीला सगळी शेखी दिसली. अंगाचा तिळपापड झाला तिच्या.

“मग ठरलं,” मालकीणबाई उठल्या.

“काही ठरलं नाही, मावशी,” भाची म्हणाली. “फरक नशिबाचा दिसत नाही, एवढंच ठरलं. तो हाताचाच आहे, हे कुठं ठरलंय? यांची रोपं एका टेबलावर, त्यांची दुसऱ्या. खुंट जी ती आपल्या मनानं उचलते. पाणी घालणारी वेगळी. नक्की कशानं मेली हे कसं सांगणार?”

थोरलीनं त्या पोरीकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. बूट काही इतके वाईट नव्हते.

भाचीनं सांगितलं ते असं. ऐंशी नवे खुंट. कुठला कुणाला द्यायचा ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. दोघींनी मधल्या ओट्यावर शेजारी शेजारी बसून डोळे भरायचे. मग पुन्हा चिठ्ठ्या, आणि दोघींची निम्मी निम्मी रोपं दाराजवळच्या टेबलावर, निम्मी आतल्या. टॅगवर नुसता आकडा. कुठला आकडा कुणाचा ते फक्त तिला ठाऊक.

“माझ्या टेबलावर हिची रोपं?” थोरली उसळली. “का म्हणून? ते टेबल जुन्या माणसाचं आहे. उद्या म्हणाल, हिला माझ्या उशीवर झोपू द्या.”

“जाऊबाई, मला नको तुमची उशी,” धाकटी हळूच म्हणाली. “तिला तेल किती असतं.”

बायका तोंडाला पदर लावून फुसफुसल्या. थोरलीनं दातओठ खाल्ले, पण नव्या शेडचा दुसरा रस्ता दिसेना. “ठेवा,” म्हणाली. “ठेवा काय ठेवायचं ते.”

त्या दिवशी दोघी ओट्यावर शेजारी बसल्या आणि कोपराला कोपर लागू न देता काम केलं. थोरली आपला डोळा सरकवायची आणि तिरक्या नजरेनं तिचा बघायची. पोरीचं बोट खरंच हलकं होतं. साल उचलताना ती ओठ किंचित पुढं काढायची. थोरलीही ओठ असेच काढायची. हे तिला त्या दिवशी कळलं, आणि तेही आवडलं नाही. लकबसुद्धा चोरली हिनं!

मग वाट पाहायचे दिवस आले आणि थोरलीला घर खायला उठलं. धाकटी भांडी घासताना गुणगुणली तरी हिला वाटे, हिला कळलंय. नवरा म्हणाला, “अगं, दोघी एका घरच्या. कुणालाही मिळालं तरी घरातच ना?” त्यावर त्याला असं काही ऐकावं लागलं, की पुढं तो पंपाबद्दल सोडून कशाबद्दलच बोलला नाही.

एका दुपारी सगळ्या बायका जेवायला सावलीत बसल्या असताना थोरली ‘चाकू विसरला’ म्हणत उठली आणि शेडमध्ये शिरली. आत माणूस नव्हतं. दोन टेबलांवर ऐंशी रोपं उभी, पट्ट्या आवळलेली, टॅग गुमान लटकलेले. ती काय करायला आली होती हे तिनं स्वतःला अजून सांगितलं नव्हतं, पण हाताला ठाऊक होतं. पट्टी एक वेढा सैल केली, की आत हवा शिरते आणि डोळा सुकतो. कुणाला कळतही नाही. टॅगवर नाव नसलं म्हणून काय झालं? गाठ ओळखू येते. डोळे भरणाऱ्या बाईची गाठ म्हणजे तिची सही.

ती पहिल्या रोपावर वाकली. पट्टी खालून वर, टोक आत दडवलेलं. ही आपली गाठ. दुसऱ्यावर वाकली. खालून वर, टोक आत. हीही आपलीच. तिसरं, चौथं. सगळीकडं तीच गाठ. एक रोप तिनं हिय्या करून पकडलं. हिचा वेढा जरा घट्ट वाटतोय, ही नक्की धाकटीची. पट्टी सोडली. आत डोळा हिरवागार, तुकतुकीत. आणि खुंटावरची चीर पाहून ती थबकली. अशी किंचित डावीकडं कललेली चीर ती स्वतः देते. म्हणजे हे माझं? पण कललेली चीर द्यायलाही धाकटीला आपणच शिकवलं होतं!

तिनं घाईघाईनं पट्टी परत गुंडाळली. ऐंशीतली चाळीस आपली, आणि त्यांतलं एकही तिला ओळखू येत नव्हतं. विष कालवायचं तर कुठल्या वाटीत?

“सापडला का चाकू?”

धाकटी दारात उभी.

“सापडला,” थोरली म्हणाली. हात रिकामे होते.

धाकटी आत आली. दोन टेबलांच्या मधून चालत गेली, एका रोपावर वाकली, दुसऱ्यावर वाकली आणि सरळ झाली. “मीपण कालच येऊन गेले,” ती म्हणाली. “नाही ओळखता येत. मला तर तुमचं एक सापडलं असतं तरी पुरे होतं.”

“तू कशाला? तुझं तर सगळे कौतुक करतात.”

“कौतुक!” धाकटी फणकारली. “कौतुक माझं आणि विचारणं तुम्हाला. घरात काय आणायचं, तुम्हाला विचारतात. पाव्हणे आले, कुठं झोपवायचे, तुम्हाला. नर्सरीत कुठली काडी घ्यायची, तुम्हाला. मी चहा करायचा. जळ जळ जळते मी इथं बसून, आणि तुम्ही त्या दारात राणीसारख्या.”

आपलाही कुणी हेवा करत असेल हे थोरलीच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. आत कुठंतरी गार पाणी ओतल्यासारखं वाटलं.

“चल, जेवून घे,” ती म्हणाली. दोघी बाहेर पडल्या. यावर पुन्हा कुणी शब्द काढला नाही.

पट्ट्या सोडायच्या दिवशी भाचीनं एकेक रोप उचललं, पाहिलं, लिहिलं. मग टॅगचे आकडे उघडले. थोरलीचे नऊ मेले होते, धाकटीचे सात. जे रोप थोरलीनं दुपारी सोडून बांधलं होतं ते मेलेल्यांत होतं, आणि ते तिचंच निघालं. हे तिच्या एकटीच्या मनात राहिलं.

“दोननं पुढं,” मालकीणबाई म्हणाल्या. “शेवटी धाकटीच.”

“थांब मावशी.” पुन्हा बादली आली, पण या वेळी फार ढवळावं लागलं नाही. दोनचा किंवा त्याहून मोठा फरक नुसत्या वाटपात बहुतेक खेपांना पडत होता. लॅपटॉपनं सांगितलं, शंभरात पाऊणशेच्यावर वेळा. “हा फरक म्हणायच्या लायकीचा नाही. आता हे बघ,” भाचीनं कागद फिरवला. “हात विसर, टेबल बघ. मेलेल्या सोळांतली तेरा दाराजवळच्या टेबलावरची आहेत. दोघींचीही. आतल्या टेबलावरची फक्त तीन. हे नशिबानं होणं अवघड. दिवसभर ते मोठं दार उघडं, गाड्या येतात जातात, वारा सरळ टेबलावर. डोळा लागायच्या आधीच सुकतो.”

सगळ्यांनी त्या टेबलाकडं पाहिलं, मग थोरलीकडं. इतकी वर्षं ज्या जागेवर ती कुणाला टेकू देत नव्हती, तीच जागा तिची रोपं मारत होती. हसावं की रडावं, तिचं तिला कळेना. पण त्याच्याही खाली एक वेगळाच किडा वळवळत होता.

“म्हणजे आम्ही दोघी सारख्या?” तिनं विचारलं.

“तसं नाही म्हणता येत,” भाची म्हणाली. “फरक दिसला नाही, एवढंच. अगदी बारीक फरक असेल तर तो दिसायला खूप जास्त रोपं लागतील.”

“मग लावू की! किती लागतील? पाचशे? हजार? मी भरते.”

“मीपण,” धाकटी म्हणाली.

“बस!” मालकीणबाईंनी हात जोडले. “तुमच्या भांडणापायी माझी नर्सरी लावू का पणाला? ते टेबल आजच उचला तिथनं. आणि नव्या शेडवर कोण, ते तुम्ही दोघींनी ठरवा. मला दोघी चालतील. उद्या सकाळी नाव सांगा.”

घरी जाताना दोघी रस्त्याच्या एकाच कडेनं चालल्या, पण मधे एखादी सायकल जाईल एवढं अंतर ठेवून.

“घ्या ना तुम्ही,” धाकटी म्हणाली. “तिथं बसून काम आहे. तुमचे गुडघे दुखतात.”

“माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? तूच घे. तुला मिरवायची हौस.”

“मला कसली हौस? तुम्ही मोठ्या. लोक म्हणतील, धाकटीनं पळवलं.”

“आणि मी घेतलं तर म्हणतील, म्हातारीनं अडवलं.”

“म्हणतील खरं,” धाकटी म्हणाली.

पुढचा चौक येईपर्यंत त्या एकमेकींना ती जागा असं देत राहिल्या. जी घेईल ती हरली, असं झालं होतं. थोरलीच्या मनात आलं, आता हिला खरंच देऊन टाकावं आणि जन्मभर हिच्या डोक्यावर उपकार ठेवावेत. मग नव्या शेडमध्ये हिच्यापुढं उभ्या असलेल्या नव्या बायका तिच्या डोळ्यांसमोर आल्या. ‘हात बघा हिचा’ म्हणणाऱ्या. ते काही सोसेना.

“मी घेते,” ती थांबून म्हणाली. “ऐकलंस? हात माझा तुझ्यापेक्षा चांगला म्हणून नव्हे. ते काही ठरलं नाही. मला हवंय म्हणून घेते.”

धाकटीचा चेहरा खाडकन उतरला. थोरलीनं तो पोटभर पाहून घेतला. कित्येक वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. उरलेला रस्ता ती पुढं चालली, ताठ, गुडघे दुखत असतानाही.

घरात शिरताच सासूनं विचारलं, “काय गं, काय झालं त्या जागेचं?”

थोरली चप्पल काढायला वाकली होती. सरळ होऊन तोंड उघडेपर्यंत धाकटीनं पिशवी खुंटीला अडकवून बोलायला सुरुवातही केली.

“जाऊबाईंना दिली, आई. बाई म्हणाल्या, दोघी चालतील, तुमचं तुम्ही ठरवा. मी म्हटलं, त्या मोठ्या आहेत, त्यांनाच असू दे. मला काय, मी आहे तिथं बरी.”

सासू उठली. धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला. “मोठ्या मनाची आहेस गं बाई,” म्हणाली. “आलेलं ताट दुसऱ्यापुढं सरकवायला काळीज लागतं.” मग थोरलीकडं वळून, “आणि तू घेतलंस का लगेच?”

आतून नवरा आला. “मिळाली? अरे वा! मग उद्यापासून डबा तिकडंच...”

“गप्प बसा तुम्ही,” थोरली म्हणाली.

स्वयंपाकघरात धाकटीनं चहाचं भांडं खाली घेतलं होतं. थोरली तरातरा आत गेली आणि ते तिच्या हातातून हिसकावलं. “सर बाजूला. आज मी करते.”

तिनं चहा केला, पहिला कप सासूपुढं नेऊन धरला आणि तिथंच उभी राहिली. सासूनं कपाकडं पाहिलं, हिच्या तोंडाकडं पाहिलं.

“ठेव तिथं,” म्हणाली.